नेमणुकीची तारीख

नगरपरिषदेत आस्थापना नावाचं एक टेबल असतं. गावातल्या लोकांचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले, बांधकाम परवानगी यांच्या खिडक्यांवर गर्दी असते. आस्थापनेकडे येतात ते पालिकेचेच लोक, पगाराची, रजेची नाहीतर निवृत्तीची चौकशी करायला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी तिसेक वर्षं नोकरी केली. त्यातली बहुतेक या टेबलावर आणि शेजारच्या लेखा विभागात गेली. निवृत्तीनंतर आता रत्नागिरी शहरात राहते. सकाळी मारुती मंदिराच्या बाजूला फिरायला गेलं की रस्ता झाडणाऱ्या बायका दिसतात, घंटागाडी दिसते, व्हॉल्व्ह फिरवायला निघालेला पाणीखात्याचा माणूस दिसतो. बघणाऱ्याला ती सगळी पालिकेची माणसं. मला मात्र राहून राहून वाटतं, यांची नेमणुकीची तारीख कुठली असेल? कारण पगार किती, पेन्शन मिळणार की नाही, मागे राहिलेल्या मुलाला नोकरी लागणार की नाही, हे काम पाहून ठरत नाही. ते तारखेवर ठरतं.

आधी पगार येतो कुठून ते सांगते. घरपट्टीतून पालिकेचे पगार होतात अशी पुष्कळांची समजूत असते. मी नोकरीला लागले तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पालिकेचा खरा आधार जकात होती. नाक्यावरची रोकड रोज जमा व्हायची आणि महिनाअखेरीला पगाराला पैसे आहेत की नाहीत हे रोखपाल कॅशबुक न उघडता सांगायचे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली. तेव्हापासून राज्य शासनाचं सहायक अनुदान येतं आणि त्यातून पगार होतात. अनुदान आलं की पगार, लांबलं की पगारही लांबला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलासमोरून जाणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "अनुदान आलं का हो?" शिपाई विचारायचा, मुकादम विचारायचे, फायरमन विचारायचा. सफाई कामगार बायका विचारायच्या नाहीत. दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि आमच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखून परत जायच्या. वाण्याची उधारी, पतसंस्थेचा हप्ता, मुलाची फी हे सगळं १ तारखेला बांधलेलं असे आणि १ तारीख आमच्या हातात नव्हती.

'सरकारी नोकर, त्यांना काय कमी' असं म्हणणारे पालिकेच्या माणसालाही त्यातच धरतात. खरं तर पालिकेचा कर्मचारी राज्य सरकारचा नोकर नाही. तो १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाखालच्या संस्थेचा नोकर आहे. वेतनश्रेणी राज्याच्या धर्तीवर मिळते, पण दर वेळी मागाहून आणि वेगळ्या आदेशाने. सातवा वेतन आयोग राज्य कर्मचाऱ्यांच्या हाती जानेवारी २०१९ च्या पगारात पडला. नगरपरिषदांसाठीचा निर्णय त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निघाला. दोन्हीकडे आयोग लागू १ जानेवारी २०१६ पासूनच. मधल्या महिन्यांत आमचे लोक तहसील कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला त्याची पगाराची पावती दाखवायला सांगत आणि घरी जाऊन हिशेब मांडत.

मुंबईशी तर तुलनाच नको. कोकणात घरटी एक माणूस मुंबईत, आणि त्यात मुंबई महापालिकेत असलेले पुष्कळ. दिवाळी आली की वर्तमानपत्रात बातमी येते: मुंबई महापालिकेचं सानुग्रह अनुदान जाहीर. २०२२ साली ते २२,५०० रुपये होतं. आमच्याकडे सानुग्रह पालिकेच्या स्वतःच्या निधीतून द्यायचं. निधीत किती शिल्लक आहे आणि सभेत काय ठरतं त्यावर काही हजारांचा आकडा निघायचा, तोही दरसाल नाही. भाऊ मुंबईत पालिकेचा सफाई कामगार आणि बहीण आमच्याकडे सफाई कामगार, असं एक कुटुंब माझ्या माहितीत होतं. गणपतीला भाऊ गावी आला की ती त्याला पगाराचं काही विचारायची नाही. घरभाडे भत्ताही तसाच. सातव्या आयोगात सुरुवातीला मुंबईला मूळ पगाराच्या २४ टक्के होता, आमच्यासारख्या गावांना ८ टक्के.

आकड्यांचं आलंच आहे तर शेवटच्या पायरीचा पगार कसा चढत गेला तेही सांगते. मी वेतननिश्चितीचे तक्ते हाताने केलेत, त्यामुळे ते डोक्यात बसलेत. चौथ्या आयोगात सफाई कामगार, शिपाई यांची श्रेणी ७५० पासून सुरू होत होती. पाचव्यात २,५५० झाले. सहाव्यात ४,४४० आणि त्यावर ग्रेड पे १,३००. सातव्यात या दोन्हींची बेरीज ५,७४०, तिला २.५७ ने गुणायचं, येतात १४,७५२, आणि पुढचा टप्पा म्हणून १५,०००. दर दहा वर्षांनी येणाऱ्या या गुणाकाराची वाट अख्खी पालिका बघत असते. पण हातात पडणारा पगार वेगळा. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पतसंस्थेचं कर्ज, विमा, कुठल्यातरी सोबत्याला जामीन राहिल्यामुळे ओढवलेली वसुली हे सगळं वजा होऊन उरतो तो. शेवटच्या रकान्यात मूळ पगाराच्या निम्माही आकडा न उरलेली पगारपत्रकं मी कित्येक पाहिली.

पगारपत्रक महिन्याचं असतं, सेवापुस्तक जन्माचं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, आत आडवी छापील पानं. पहिल्या पानावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, उंची, ओळखीची खूण आणि खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. २००० नंतर आमच्याकडे बरेच सफाई कामगार एकदम कायम झाले, त्यांची पुस्तकं मीच उघडली. माणसं नवी नव्हती. दहा-पंधरा वर्षं रोजंदारीवर खराटा, फावडं, घमेलं हाताळलेली होती. शाईच्या पॅडवर बोट टेकवून कागदावर उमटवलं की रेषा दिसायच्याच नाहीत, निळा डाग पडायचा. मग साबणाने हात धुवून यायला सांगायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, शाई कमी घ्यायची, बोट एका बाजूने दुसरीकडे हलकेच वळवायचं. करंगळीचा ठसा बरा उमटायचा. अंगठा आणि तर्जनी अगदी गुळगुळीत झालेली असायची. एका मावशींनी पाचही बोटांचे डाग बघून विचारलं, "बाय, ह्यो चालल ना? नायतर माजा पगार अडकवतील." मी खाली 'ठसे माझ्यासमोर घेतले' असं लिहून सही केली.

या पुस्तकांचा वैरी म्हणजे आमचा पाऊस. जूनमध्ये कपाट बंद केलं तर सप्टेंबरपर्यंत पुठ्ठे फुगून वर येतात, पानं एकमेकांना चिकटतात, जुनी शाई पसरते. मे महिन्यात मी सगळी पुस्तकं काढून उन्हं दाखवायची, डांबरगोळ्या बदलायची, वाळवीचा माग दिसला की ते फडताळच रिकामं करायची. हे काम कुठल्याच कर्तव्यसूचीत नव्हतं. पण एक पान गेलं तर निवृत्तीच्या वेळी काय होतं ते मी पाहिलं होतं. दरवर्षीच्या सेवापडताळणीची एक ओळ असते, तीवर अधिकाऱ्याची सही नसली की पेन्शनचं प्रकरण शेरा मारून परत येतं. रजेची नोंद आहे पण मंजुरीचा आदेश नाही, परत. कालबद्ध पदोन्नती दिली पण वेतननिश्चिती तपासून घेतलेली नाही, परत. तोवर ज्याने सही करायची होती तो अधिकारी बदलून गेलेला, कधी निवर्तलेला. आणि इकडे माणूस निवृत्त होऊन घरी बसलेला, पगार बंद, पेन्शन सुरू नाही.

सगळ्यात वाईट शेरा वसुलीचा. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी एक वेतनवाढ चुकीच्या तारखेपासून दिलेली असते आणि ती निवृत्तीच्या वेळी सापडते. मग इतक्या वर्षांचा फरक काढून उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, कापायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाबच्या रफिक मसीह यांच्या प्रकरणात सांगितलं की वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही. त्या निकालाची प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. वसुलीची टिप्पणी समोर आली की ती प्रत जोडून वर पाठवायची. पुष्कळदा उपयोग झाला. या नोकरीत मनाला खरं समाधान देणारी कामं थोडी होती, त्यातलं हे एक.

आता जन्मतारखा. ज्यांच्याकडे शाळेचा दाखला नाही त्यांची तारीख वैद्यकीय दाखल्यावरून लागायची, आणि दाखला असेल तर गुरुजींनी बहुधा १ जून घातलेली. आमच्या हजेरीपटावर १ जूनला जन्मलेले इतके होते की मे महिनाअखेर म्हणजे निरोप समारंभाचा दिवस. नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे. सहाव्या आयोगापासून बहुतेकांची वेतनवाढ १ जुलैला. वर्षातले अकरा महिने काम करून ३१ मे रोजी गेलेल्याला त्या वर्षाची वेतनवाढ नाही, आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरत असल्याने तो फरक जन्मभराचा. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली न्याय दिला. वर्ष पूर्ण भरलं आहे, तर पेन्शनसाठी ती वेतनवाढ धरा, असं ठरलं. ती बातमी आली तेव्हा ३१ मे वाले पुष्कळ जण माझ्याकडे आले. त्यांचं वर्ष भरत नव्हतं. गुरुजींनी शाळेत घालताना सोयीने लिहिलेल्या तारखेने साठाव्या वर्षी पैसे नेले. यात कुणाचा दोष म्हणून दाखवायचा?

पण १ जूनचा फटका हलका वाटावा अशी तारीख आहे १० मार्च १९९३. त्यापूर्वी नगरपरिषदांत रोजंदारीवर लागलेल्यांना कायम करायचं, असा शासनाचा निर्णय २००० साली निघाला. १९९३ च्या फेब्रुवारीत लागलेला आत, एप्रिलमध्ये लागलेला बाहेर. एकाच वस्तीतली, एकाच मुकादमाने एकाच हजेरीपटावर घेतलेली माणसं. जुने हजेरीपट शोधायला कामगार स्वतः रेकॉर्ड रूममध्ये माझ्याबरोबर बसले होते. वाचता न येणारेही बसले होते, कारण आपलं नाव कसं दिसतं एवढं त्यांना ओळखता येत होतं. कुणाच्या नावापुढे फुल्या, कुणाच्या नावापुढे शून्यं, मधले काही महिने गायब. ज्यांचे कागद सापडले ते कायम झाले. त्या दिवशी पालिकेच्या आवारात पेढे वाटले गेले, आणि जे बाहेर राहिले होते त्यांनीही ते घेतले.

आत गेलेल्यांतल्या काहींचा प्रश्न पुढे आला. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. आमच्याकडे रोजंदारीची वर्षं तिच्यात धरली गेली नाहीत. ज्या मावशींच्या पाच बोटांचे डाग मी पुस्तकात घेतले होते, त्या कायम झाल्यावर नऊ वर्षांच्या आत साठीला पोहोचल्या. त्यांना सेवा उपदान मिळालं, पेन्शन नाही. त्यांच्या आधीच्या पंधरा-सोळा वर्षांचा प्रस्ताव आम्ही करून पाठवला, तो परत आला. त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. म्हणाल्या, "रस्ता तोच ना झाडला मी? मग अर्धा मोजतात नि अर्धा नाय, असा कसा?" दुसऱ्या काही ठिकाणचे कामगार कोर्टात गेले. पण तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबई. कोल्हापूरचं सर्किट बेंच, ज्यात आता रत्नागिरी जिल्हा येतो, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. वकिलाची फी, मुंबईचे हेलपाटे, आणि निकाल लागेपर्यंत आपण असू की नाही, याचा त्यांनी घरी बसून विचार केला आणि नको म्हणाल्या. उपदानाच्या पैशात घरावर पत्रे घातले.

कायम झालेल्या सफाई कामगाराला मोठा लाभ असतो तो वारसाहक्काचा. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने याचा एकत्रित निर्णय काढला. यावर बाहेर टीका होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामात माणसं अडकतात, असं म्हणतात. ते खोटं नाही. आमच्याकडे बारावी झालेली मुलगी आईच्या जागेवर आली आणि पहिल्या दिवशी ओढणी तोंडावरून घट्ट बांधून खराटा घेऊन उतरली, कारण बाजारात तिच्या वर्गातली मुलं होती. तरी मी वारसाहक्काच्या बाजूची आहे. तिला दुसरी कुठली कायम नोकरी कुणी देऊ केली नव्हती. त्या पगारावर तिने धाकट्या भावाला आयटीआय करवलं. काम बदलायला हवं, यंत्रं हवीत, हातमोजे आणि गमबूट कागदावर न राहता हातापायात हवेत. त्याआधी पगाराची हमी काढून घेणं मला पटत नाही. आणि ही माणसं एकत्र यायला शिकली ती काही आज नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. आमच्या कामगार वसाहतीत घरोघरी त्यांचा फोटो आहे आणि पगाराच्या प्रश्नावर सभा असली की पहिला हार तिथे पडतो.

पुढची तारीख १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदानाची योजना. आमच्याकडे कपात सुरू व्हायलाच काही वर्षं गेली. खाती नाहीत, क्रमांक नाहीत, पालिकेचा हिस्सा कुणी कुठे भरायचा ते स्पष्ट नाही. पुढे शासनाचा हिस्सा १० वरून १४ टक्के झाला, पण सुरुवातीच्या वर्षांची भोकं बुजायला फार काळ लागला.

यात एक प्रकरण मी विसरू शकत नाही. आमचा एक पंपचालक २००४ साली कामावर असताना वारला. मुलाने अनुकंपाखाली अर्ज केला. कागद पुरे होते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर, रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याची वाट बघत, सभेच्या विषयपत्रिकेत पुढच्या महिन्यावर ढकलली जात राहिली. नेमणुकीचा आदेश निघाला डिसेंबर २००५ मध्ये. तो मुलगा आज स्वतः पन्नाशीकडे आला आहे. त्याच्यासमोरच्या टेबलावर बसणारा करविभागाचा लिपिक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागलेला, त्याला जुनी पेन्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीवरून नंतर नेमल्या गेलेल्यांना जुन्या पेन्शनचा विकल्प दिला. त्याने शासन निर्णय छापून आणला आणि मला दाखवला. अनुकंपाच्या नेमणुकीला जाहिरात नसते. तरीही आम्ही बसून अर्ज लिहिला: मृत्यूचा दिनांक, अर्जाचा दिनांक, प्रत्येक टेबलावर फाइल किती दिवस होती त्याचा तक्ता. तो तक्ता करताना माझा हात थरथरला, हे खरं.

मार्च २०२३ मधला जुन्या पेन्शनचा संप १४ तारखेपासून सात दिवस चालला. आमच्या आवारातही घोषणा होत होत्या. संपात जुनी पेन्शन असलेलेही उतरले होते, हे मला विशेष वाटलं. निवृत्तीला सहा महिने राहिलेले एक मुकादम रोज सकाळी हजेरीच्या वेळेला येऊन उन्हात बसत. त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "पोरांसाठी, ताई."

तेवढ्यात फाटकातून घंटागाडी आत आली. ती संपात नव्हती. असूच शकत नव्हती, कारण तिच्यावरची माणसं ठेकेदाराची. आकृतिबंधात मंजूर पदं मोजकी, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि गाव तर वाढत चाललं. मग कचरा उचलणं, वाहनं चालवणं, गटारं उपसणं, पाणी सोडणंही ठेक्यावर. यांना नेमणुकीची तारीखच नाही. ठेक्याची मुदत असते. ठेकेदार बदलला की तीच माणसं त्याच गाडीवर नव्या ठेकेदाराची होतात. वेतनवाढ नाही, कालबद्ध नाही, वारसाहक्क नाही, पगारी रजाही बहुतेकांना ठाऊक नाही. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी कायद्याने आहे. प्रत्यक्षात किती पोहोचतं ते ठेकेदारावर आणि त्याहून जास्त बिल तपासणाऱ्यावर अवलंबून. मी लेखा विभागात होते तेव्हा ठेकेदाराच्या बिलाला कामगारांची हजेरी, वेतनपत्रक आणि पीएफचं चलन जोडलेलं नसेल तर बिल परत करत असे. त्यावरून ऐकूनही घेतलं. 'तुमच्या घरचे पैसे आहेत का?' हे वाक्य मला एका मोठ्या माणसाने सगळ्यांदेखत ऐकवलं होतं. मी बिल परतच केलं.

करोनाच्या काळात एकदाच असं झालं की तारीख बाजूला पडली. मे २०२० मध्ये शासनाने करोनाच्या कामावर मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाखांचं कवच दिलं आणि त्यात कंत्राटी, रोजंदारी, बाह्यस्रोतातले सगळे धरले. विलगीकरण कक्षाचा कचरा उचलणारा ठेक्यावरचा मुलगा आणि कायम मुकादम, दोघांच्या जिवाची किंमत एका आदेशात सारखी लिहिली गेली. मी तो आदेश पुन्हा पुन्हा वाचला. मेल्यानंतर जे जमतं ते जिवंत असताना का जमू नये, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता आणि आजही विचारते. रस्ते झाडणं, कचरा उचलणं, पाणी सोडणं ही हंगामी कामं नाहीत. गाव आहे तोवर ती रोज आहेत. रोजच्या कामाला कायम माणूस हवा आणि त्याला म्हातारपणी पेन्शन हवी. पालिकेकडे पैसे नाहीत, हे मी आतून पाहिलंय. पण ज्या वर्षी पैसे नव्हते त्या वर्षीही इतर कामांची बिलं निघालेली मी पाहिली आहेत.

आता माझ्याकडे संध्याकाळी येतात त्या बहुतेक ठेक्यावरच्या बायका. त्यांनाही पेन्शन मिळू शकते, पीएफ कार्यालयाची, आणि तिथेही अट १० वर्षांच्या सेवेचीच. किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. ती काही मोठी नाही. पण ज्यांच्या हाती निवृत्तीनंतर काहीच येणार नाही त्यांना ती हवी आहे. अडचण अशी की ठेकेदार बदलला की कुणाचा नवा क्रमांक निघतो, जुनं खातं तसंच पडून राहतं, आणि दहा वर्षं काम केलेली बाई कागदावर तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत दिसते. कुठे आधारवरचं नाव माहेरचं, कुठे जन्मसालात फरक, कुठे काम सोडल्याची तारीखच भरलेली नाही. मग एकेक खातं शोधायचं, नाव दुरुस्त करायचं, जुनी खाती एका क्रमांकाला जोडायची. त्यांच्या मुलांना मोबाइलवर हे सगळं येतं. काय शोधायचं ते सांगावं लागतं.

सध्या एका बाईंचं चाललंय. दोन ठेकेदारांकडची वर्षं जोडून झाली आहेत, मधल्या एकाचा पत्ता लागत नाही. त्याने पीएफ भरला की नाही हेही कळत नाही. पण त्याचं बिल निघालं आहे, म्हणजे त्याला जोडलेली हजेरी आणि चलन पालिकेच्या प्रमाणकांच्या गठ्ठ्यात असायला हवं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. कामाचं नाव, आर्थिक वर्ष आणि महिने लिहिले आहेत, आणि 'देयकासोबतच्या हजेरीपत्रकाची व भविष्य निर्वाह निधीच्या चलनाची प्रत' असं स्पष्ट मागितलं आहे, म्हणजे माहिती उपलब्ध नाही असं सरसकट उत्तर देता येणार नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ती टळली तर अपिलाचा मसुदाही लिहून ठेवला आहे.